जर्मन शेफर्डला प्रोटेक्शन स्पोर्टला घालू का? घरचे म्हणतात कुत्रं बिघडेल

रानमळा_मिरज
नमस्कार मंडळी. आमचा बादल, जर्मन शेफर्ड, आता दहा महिन्यांचा आहे. मळ्यातच घर आहे, माणसांचा राबता भरपूर, द्राक्षाच्या छाटणीला बायका येतात, तोडणीच्या टायमाला ऊसतोडीची टोळी उतरते, पोरंटोरं सगळीकडं. बादल तसा समजूतदार आहे पण त्याला काम पायजे, रिकामा बसला की ठिबकच्या नळ्या चावून काढतो. कराडच्या बाजूला एक क्लब आहे, आयजीपी करतात, प्रोटेक्शन स्पोर्ट. बघून आलो, मला तर लई आवडलं. पण घरात विषय काढला तर आबा म्हणाले, "कुत्र्याला माणूस चावायला शिकवायला पैसे देणार व्हय? उद्या टोळीतलं पोरगं धरलं तर कोण निस्तरणार?" आता आबांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही आणि माझं मनही मानत नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, या खेळानं कुत्रं जास्त चावरं होतं का? आणि बादल शो लाईनचा आहे, म्हणजे कामापेक्षा दिसण्यासाठी पैदास केलेल्या घराण्यातला, तो चालेल का?

चावडीवर_बसलेला
आबांचं ऐका.

डोंगरवाट
चावडीवाले, एवढ्यात निकाल नका देऊ हो.

रानमळा, मी साताऱ्याची. माझी राणी रॉटवायलर आहे, आयजीपी-१ झालेली, म्हणजे तीन पायऱ्यांतली पहिली. तुम्ही मैदानावर जे बघून आलात तो तिसरा भाग, लोकांना तोच दिसतो आणि मोबाईलवर व्हिडिओ पण त्याचेच फिरतात. खरं तर भाग तीन आहेत. अ म्हणजे माग काढणं, ब म्हणजे ओबिडियन्स, मालकाचं सांगितलेलं ऐकणं, आणि क म्हणजे प्रोटेक्शन. प्रत्येकाला १०० मार्क आणि तिन्हीत वेगवेगळे ७० पाडायला लागतात, एकात गचकलं की सगळंच नापास. म्हणजे ज्याचं कुत्रं धरतं जबरदस्त पण वावरात नाक खाली घालून चालत नाही त्याच्या हातात काही पडत नाही.

हे मुळात खेळ म्हणून निघालंच नव्हतं. १८९९ ला जर्मनीत शेफर्डवाल्यांचा संघ निघाला, स्टेफानिट्झ म्हणून घोडदळातले कॅप्टन होते त्यांनी काढला, आणि १९०१ ला पहिली परीक्षा झाली ती कुठलं कुत्रं पैदाशीला ठेवायच्या लायकीचं आहे हे बघायला. दिसायला देखणं पण बंदुकीच्या आवाजाला पळतंय, मालकाचं ऐकत नाही, नाहीतर उगाच कुणालाही धरतंय, असली बाजूला काढायची. आधी शुट्झहुंड म्हणायचे, मग आयपीओ झालं, २०१९ पासून आयजीपी.

आणि या सगळ्याच्या आधी बीएच नावाची परीक्षा आहे, ती पास झाल्याशिवाय पुढं बसताच येत नाही. तिच्यात चावण्याचा काडीचा संबंध नाही. मैदानात पट्ट्यासकट आणि पट्ट्याविना चालायचं, बसायचं, आडवं व्हायचं, मग रस्त्यावर नेतात. सायकलवाला जातो, पळणारा माणूस जातो, गाडी येऊन थांबते, दुसरं कुत्रं जातं, तुमचं कुत्रं बांधून तुम्ही नजरेआड होता. तिथं कुणाच्या अंगावर गेलं की खेळ संपला. पहिल्यांदा बसणाऱ्या मालकाची पण लेखी परीक्षा असते. आबांना आधी बीएच दाखवा, प्रोटेक्शन नंतर.

हळदपेठ_सांगली
मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका कुणी. माझ्या बहिणीच्या पोराला शेजारच्या कुत्र्यानं दंडाला धरलं होतं, टाके पडले. ते कुत्रं "ट्रेन केलेलं" होतं. एक जण घरोघर जाऊन कुत्री तयार करून द्यायचा. कुत्रं खांबाला साखळीनं बांधायचं, अनोळखी माणसानं डोक्यावर पोतं घेऊन यायचं, काठीनं डिवचायचं आणि कुत्रं उसळलं की पळून जायचं. थोड्याच दिवसांत ते कुत्रं कुणालाही बघून तोंड टाकायला लागलं, मालक खूश, राखण चांगली होते म्हणून. आणि मग पोरगं चेंडू आणायला कंपाऊंडात गेलं. आता तुम्ही म्हणणार आमचं वेगळं आहे. कुत्र्याला काय कळतंय वेगळं? दात तर तेच आहेत की.

चावडीवर_बसलेला
हेच म्हणतोय मी.

बाही_बारदान
हळदपेठ दादा, राग कशाला, तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि तो विचारलाच पाहिजे. मी हेल्पर आहे, म्हणजे हातावर जाड संरक्षक बाही घालून जो पळतो आणि कुत्र्याला धरू देतो तो. जरा लांब लिहितो, चालवून घ्या.

तुम्ही सांगितलं ते कुत्रं भीतीनं चावत होतं. साखळीला बांधलंय, पळायला जागा नाही, समोर काठी. त्याला एवढंच समजलं की माणूस जवळ आला की आपला जीव धोक्यात आणि दात दाखवले की माणूस जातो. ते मालकाचं ऐकेल कसं, ते काम करतच नाही, ते जीव वाचवतंय. असं तयार केलेलं कुत्रं आमच्याकडं बरेच जण घेऊन येतात, आम्ही त्याला प्रोटेक्शनला घेत नाही, आधी ते माणसात मोकळं व्हायला पाहिजे.

आमच्याकडं पिल्लू असताना बारदानाची चिंधी दोरीला बांधून जमिनीवरनं ओढतो. पिल्लू मागं पळतं, धरतं, आणि धरलं की चिंधी त्याची, ती तोंडात घेऊन मिरवायची. बास एवढंच. दात बदलायच्या वयात, चार ते सहा-सात महिने, तेही बंद, कारण हिरड्या दुखल्या की त्याच्या डोक्यात धरणं आणि दुखणं एक होऊन बसतं. पुढं चिंधीची उशी होते, उशीची मऊ बाही होते, मग कडक बाही. कुत्र्याला पाहिजे असते ती बाही, माणूस नको असतो. बाही काढून खाली टाकली की कुत्रं ती घेऊन पळतं आणि मी तिथंच उभा असतो, माझ्याकडं बघत पण नाही.

मग हळूहळू दाब वाढवायचा. मी जरा अंगावर जातो, ओरडतो, मऊ गुंडाळलेली काठी दाखवतो, आणि कुत्र्यानं न डगमगता धरून ठेवलं की मी हरतो. सांगलीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, तालमीत वस्ताद बारक्या पोराशी लढत धरतो तेव्हा किती जोर लावायचा आणि नेमकं कधी पाठीवर पडायचं हे वस्तादाला कळायला लागतं. लवकर पडला तर पोरगं शिकत नाही, पडलाच नाही तर पोरगं तालीम सोडतं. हेल्परचं काम हेच आहे आणि क्लब चांगला का वाईट हे त्याच्यावरच ठरतं.

परीक्षेत काय बघतात ते पण सांगतो. मैदानात लपायच्या सहा जागा असतात, आयजीपी-३ ला कुत्र्यानं सहाही धुंडायच्या. शेवटच्या जागेत हेल्पर गप उभा असतो. कुत्र्यानं त्याच्यासमोर उभं राहून भुंकायचं, धरायचं नाही. माणूस हलत नसताना दात लावला तर मार्क जातात. माणूस पळायला लागला किंवा अंगावर आला तरच धरायचं, आणि धरायचं ते तोंड भरून, दाढांपर्यंत, शांत. चघळत, गुरगुरत, धरून-सोडून परत धरणारं कुत्रं आतनं घाबरलेलं असतं, जजला ते लगेच दिसतं. बाही सोडून दुसरीकडं कुठं धरलं तर थेट बाद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालक "आउट" म्हणाला की सोडायचं. एकदा सांगून नाही सोडलं तर अजून दोनदा सांगता येतं, तरी नाही सोडलं तर बाद, मग आधीचे कितीही मार्क असू देत. आमचा निम्म्याहून जास्त वेळ त्या सोडण्यावरच जातो.

कराड_ते_पुणे
बाही भाऊ, हे वाचून कळलं की तुम्ही रविवारी हरण्याचे पैसे घेता.

बाही_बारदान
पैसे कुठले राव, वडापाव मिळतो.

हवालदार_काका
मी पोलीस श्वान पथकात हँडलर होतो, आता रिटायर. दोन गोष्टी सांगतो. आमचं कुत्रं आणि स्पोर्टचं कुत्रं यात फरक आहे. आमच्या कुत्र्याला बाही दिसत नाही, कपड्याच्या आत लपवलेली असते, कारण खरा चोर बाही घालून येत नाही. त्यामुळं स्पोर्टमध्ये चॅम्पियन झालेलं कुत्रं घरात चोर शिरल्यावर काही करेलच असं धरून चालू नका. काही जण याच आशेनं येतात आणि मग क्लबला नावं ठेवतात. राखण पाहिजे असेल तर भुंकणारं कुत्रं आणि मजबूत गेट पुरतं.

दुसरं म्हणजे सोडण्याबद्दल बाहीवाला बोलला ते शंभर टक्के खरं. सरकारी कामात पण जे कुत्रं सोडत नाही ते पथकात राहत नाही. श्वान पथक म्हटलं की लोकांना चावणारं कुत्रं आठवतं, पण मुंबईत १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर जंजीर नावाच्या ज्या कुत्र्यानं ढिगानं स्फोटकं शोधून काढली तो लॅब्रेडोर होता, नाकावर काम करणारा. चांगलं नाक आणि शांत डोकं, बाकी सगळं नंतर.

मुधोळ_शौकीन
सगळं परदेशीच का पण? आपल्याकडं कारवानी आहे, मुधोळ आहे, जत-आटपाडीकडं धनगराच्या वाड्यावर बघा कशी तुफान कुत्री असतात. २००५ ला पोस्टाच्या तिकिटावर आलाय मुधोळ, २०१६ पासून लष्करानं मेरठला ट्रेनिंगला घेतलेत. त्याला घाला की स्पोर्टला.

डोंगरवाट
मुधोळ दादा, मला स्वतःला मुधोळ फार आवडतो. पण तो डोळ्यावर पळणारा कुत्रा आहे, ससा दिसला की सुटला. नाक खाली घालून एकेक पाऊल हुंगत जायचं आणि मध्ये सापडलेली वस्तू दाखवून थांबायचं हे त्याच्या रक्तातलं काम नाही. आणि त्याच्यावर आवाज चढवला तर दिवसभर तोंड फिरवून बसतो. त्याच्यासाठी पळण्याचे खेळ आहेत, त्यात तो राजा आहे.

मुधोळ_शौकीन
तोंड फिरवून बसतो हे मात्र एकदम बरोबर. आमची चंपी परवा रागावली तर पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि मी गेल्याशिवाय उठली नाही.

इस्लामपूर_एक्सप्रेस
मी मॅलिनॉ, ती बेल्जियन शेफर्डची जात, घ्यायचा विचार करतोय. सीआरपीएफ, आयटीबीपी सगळीकडं तेच आहेत. फ्लॅटमध्ये राहतो, नोकरी आहे, रविवारी वेळ देऊ शकतो.

हवालदार_काका
नको.

बाही_बारदान
नको भावा. प्रेमानं सांगतोय. मॅलिनॉ कामाला देवमाणूस आहे पण त्याला रोज काम लागतं. रविवारची वाट बघत तो सोमवार ते शनिवार तुमचा सोफा, दरवाजा आणि शेजाऱ्यांची झोप खाईल. काश्मीरमध्ये २०२२ ला गोळ्या लागून गेलेला लष्कराचा झूम मॅलिनॉच होता, गोळ्या लागल्यावर पण त्यानं काम सोडलं नाही. जो गुण तिथं कामाला येतो तोच फ्लॅटमध्ये कोंडला की डोक्याला ताप होतो, दोष कुत्र्याचा नसतो.

इस्लामपूर_एक्सप्रेस
बरं. मग सध्या नुसता बघायला येतो क्लबवर, चालेल ना?

बाही_बारदान
या की. बघणाऱ्यांची पण गरज असते, बीएचच्या सरावाला सायकल कोण चालवणार?

पाचट
माग काढण्याबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, माझ्या मते या खेळातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे आणि आपल्या भागासारखी जागा त्याला दुसरीकडं मिळणार नाही.

आयजीपी-१ ला मालकानं स्वतः चालून माग टाकायचा, ३०० पावलं, दोन वळणं, दोन वस्तू ठेवायच्या आणि २० मिनिटांनी कुत्रं सोडायचं. आयजीपी-३ ला परका माणूस माग टाकतो, ६०० पावलं, चार वळणं, तीन वस्तू आणि माग तासभर जुना. वस्तू केवढी तर दहा सेंटीमीटरची पट्टी, लाकडाची, चामड्याची, कापडाची. कुत्रं दहा मीटरच्या दोरीवर पुढं, तुम्ही मागं गप. सुरुवात करून दिली की पुढं तुम्ही काही सांगू शकत नाही, तिथं शहाणा तो आणि आपण अडाणी. वस्तू सापडली की कुत्रं आडवं होतं, तुम्ही जाऊन वस्तू उचलून जजला दाखवायची.

शिकवताना प्रत्येक पावलात खाऊचा बारका तुकडा टाकायचा, पायाच्या दाबानं माती उकरली जाते, गवत चिरडतं, त्याचा वास आणि खाऊ एका जागी. हळूहळू खाऊ कमी करत जायचं. आता आपल्या जमिनी बघा. ऊस तुटून गेल्यावर पाचट पडलेलं असतं त्यात नवं कुत्रं गोंधळतं, पाय पोकळ पडतो, वास कुठं वर कुठं खाली. पाचट कुट्टी करून मातीत गेलं की रान बरं. नांगरट झालेलं काळं रान सोपं वाटतं पण ढेकळं मोठी असतील तर कुत्रं नाक उचलतं. सगळ्यात चांगलं म्हणजे सोयाबीन काढून रोटर मारलेलं रान आणि दिवाळीनंतरची पहाट, जमिनीवर दव असतं तोवर. ऊन चढलं की जमीन कोरडी पडते आणि वास विरायला लागतो. माणच्या बाजूचं मुरमाड रान फार अवघड पण तिथं तयार झालेलं कुत्रं कुठंही चालतं.

आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय रानात पाय ठेवायचा नाही. पेरलेल्या रानात तर अजिबात नाही. आम्ही ज्यांच्या रानात जातो त्या आजींना आधी वाटायचं आमची अंगठी बिंगठी हरवली आहे. आता त्या बांधावर चहा घेऊन उभ्या असतात.

रानमळा_मिरज
पाचट भाऊ, हे माहितीच नव्हतं! रान तर आमच्याकडं पडलंय. हे तर मी उद्यापासून करू शकतो, आबा पण काही म्हणणार नाहीत.

पाचट
नेमकं हेच. उद्या सकाळीच, जेवायच्या आधी, भूक असताना. छोटी सरळ रेघ, वळण नको. फवारणी झालेल्या रानात मात्र नेऊ नका, नाक जमिनीला टेकलेलं असतं त्याचं.

गुरांची_डॉक्टरीण
मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकलेली, सध्या फलटण भागात प्रॅक्टिस करते. फवारणीचा मुद्दा पाचट यांनी काढला ते फार बरं झालं. अजून थोडं.

दहा महिन्यांच्या शेफर्डला उड्या नकोत. मोठ्या जातींची हाडं वर्ष-दीड वर्ष वाढत असतात, ओबिडियन्समधले उडीचे अडथळे आणि चढायची तिरकी भिंत नंतर. आयजीपी-१ ला तसंही कुत्रं किमान १८ महिन्यांचं लागतं. त्याआधी खुब्याचा आणि कोपराचा एक्स-रे काढून घ्या, शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा ढिला असण्याचं प्रमाण बरंच आहे आणि वेदना असलेलं कुत्रं चिडचिडं होतं, मग लोक ट्रेनिंगला दोष देतात.

उन्हाळ्यात प्रोटेक्शन म्हणजे पहाटे, नाहीतर बंद. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापेवरच सगळं. तोंडात बाही घेतलेलं कुत्रं नीट धापू शकत नाही हे लक्षात घ्या. जीभ रुंद होऊन लटकली, लाळ चिकट झाली, चाल लडखडली की काम थांबवा, सावलीत न्या, अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरकडं. कामाच्या आधी आणि लगेच नंतर पोटभर खायला द्यायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फिरतं आणि ते जिवावर बेततं.

गोचीड ताप तर आपल्याकडं बारा महिने. कुत्रं मलूल झालं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, नाकातून रक्त आलं तर "दोन दिवस बघू" म्हणू नका, रक्त तपासा. आणि कृष्णाकाठच्या सगळ्यांना, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस चुकवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर साचलेल्या पाण्याचे हाल आठवा, उंदरांच्या लघवीतून हा रोग त्या पाण्यात येतो आणि माणसालाही होतो.

कराड_ते_पुणे
डॉक्टर ताई, हे सगळं प्रिंट काढून क्लबच्या शेडमध्ये लावतो.

तासगाव_बेदाणा
शॉक कॉलरबद्दल काय मत? एका ट्रेनरनं सांगितलं त्याशिवाय "आउट" होतच नाही.

कृष्णाकाठ
होतं असं. ड्राइव्ह, म्हणजे धरायची ओढ, जास्त असलेलं कुत्रं तोंडात बाही असताना कान बंद करतं. योग्य माणसाच्या हातात कॉलर असेल तर वाईट नाही, सगळीकडं वापरतात.

डोंगरवाट
सगळीकडं नाही. जिथं हा खेळ जन्मला त्या जर्मनीतच विजेच्या कॉलरला बंदी आहे आणि २०२२ पासून काट्याच्या पट्ट्यालाही ट्रेनिंगमध्ये बंदी आहे. तरी तिथली कुत्री जिंकतातच की. आपल्याकडं पण प्राण्यांना क्रूरतेनं वागवायला बंदी घालणारा कायदा १९६० पासून आहे.

राणीला मी सोडायला कसं शिकवलं सांगते. आधी घरी, दोन सारख्या दोऱ्यांवर. एक तोंडात, दुसरी माझ्या हातात जिवंत. तोंडातली मेलेली, हलत नाही. सोडली की दुसरी पळायला लागते. म्हणजे सोडलं की खेळ संपत नाही, सुरू होतो. हे पक्कं झाल्यावर मग हेल्पर. हेल्पर स्थिर झाला की बाही मेली, मी सांगितलं, तिनं सोडलं, लगेच परत धरायला मिळालं. वेळ लागतो हे खरं. पण धक्का बसेल म्हणून सोडणारं कुत्रं आणि पुढं अजून मिळणार आहे म्हणून सोडणारं कुत्रं, दोघांचे डोळे बघा, सगळं कळतं.

कृष्णाकाठ
ताई, तुमची राणी शांत आहे. माझ्या कुत्र्यावर दोन दोऱ्या चालल्या नाहीत. आपण इथं सहमत होणार नाही.

बाही_बारदान
कृष्णाकाठ दादा, मैदानावर आणा एकदा त्याला, कॉलर गाडीत ठेवून. बघू तरी. नाही जमलं तर नाही जमलं.

कृष्णाकाठ
आणतो.

वकील_विट्याचे
कायद्याचा विषय निघालाच आहे तर. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून लोकांना धोका होऊ नये एवढी काळजी मालकानं घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ट्रेन केलेलं असलं म्हणून सूट मिळत नाही. डोंगरवाट, तुमच्या रॉटवायलरचं नाव मार्च २०२४ च्या केंद्राच्या त्या २३ जातींच्या परिपत्रकात होतं, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते एप्रिलमध्ये रद्द केलं. तरी सोसायटीवाले अजून तो कागद दाखवतात.

डोंगरवाट
आमच्याकडं पण दाखवला होता. मी राणीला घेऊन सोसायटीच्या मीटिंगला गेले, ती दोन तास सतरंजीवर आडवी होती. सेक्रेटरींच्या भाषणात घोरली फक्त.

चावडीवर_बसलेला
सेक्रेटरींच्या भाषणात आम्ही पण घोरतो.

हळदपेठ_सांगली
सगळं वाचलं. बाहीवाल्यांनी नीट समजावून सांगितलं, मानतो. पण माझा एक प्रश्न उरतोच. तुम्ही चांगले आहात, पण उद्या कुणीही उठून हेल्पर झाला, ऑनलाइन बाही मागवली आणि क्लब काढला तर सामान्य माणसानं ओळखायचं कसं? आमच्या शेजाऱ्यानं पण "सर्टिफाईड" माणूसच आणला होता.

बाही_बारदान
दादा, याचं उत्तर मनापासून देतो, रानमळा तुम्ही पण वाचा.

मैदानावर गेलात की कुत्र्यांकडं नंतर बघा, आधी विचारा की मला नवीन म्हणून काय करायला लागेल. पहिल्याच दिवशी तुमच्या कुत्र्याला बाही दिली तर पुन्हा तिथं पाय ठेवू नका. चांगला क्लब आधी कुत्र्याला गर्दीत फिरवून बघेल, अनोळखी माणूस जवळ आला तर काय करतंय, मोठा आवाज झाला तर सावरतंय का, आणि बरेचदा सांगेल की याला प्रोटेक्शन नको, माग आणि ओबिडियन्स करा. जो क्लब कुणालाच नाही म्हणत नाही तो धंदा करतोय. बांधून, डिवचून, उपाशी ठेवून तयार करतो म्हणणारा असेल तर गेटवरनंच मागं फिरा. काम संपल्यावर त्यांची कुत्री कशी असतात ते बघा. आमच्याकडं धरून झालं की कुत्री गाडीजवळ पोरांच्यात लोळत असतात. आणि पाऊस असो का लग्न, ते लोक बीएच आणि परीक्षा देतात का विचारा. परक्या जजसमोर उभं राहायला जो घाबरतो त्याच्या सर्टिफिकेटला काही अर्थ नाही. परीक्षा सुरू व्हायच्या आधी जज चिप तपासतो आणि कुत्र्याचा स्वभाव बघतो, तिथंच जे अंगावर येतं त्याला मैदानात सोडतच नाहीत.

शो लाईनचं विचारलं होतं ते राहूनच गेलं. चालतं. वर्किंग लाईनइतकी, म्हणजे कामासाठी पैदास केलेल्यांइतकी, कामाची भूक बरेचदा नसते, जरा उशिरा खुलतं, पण बीएच आणि माग तर नक्की. प्रोटेक्शनचं बघून सांगू, आणि नसेल जमणार तर स्पष्ट नाही म्हणू. पुढं परीक्षेला बसायचं असेल तर केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) नोंदणीचे कागद आणि मायक्रोचिप आत्ताच करून ठेवा.

हळदपेठ_सांगली
हे पटलं. मी कुत्रं पाळणार नाही, पण बहिणीच्या पोराला एकदा आणलं तर चालेल का? तो त्या दिवसापासून गल्लीतलं बारकं पिल्लू बघून पण रस्ता बदलतो. लांबनं बघेल फक्त.

डोंगरवाट
नक्की आणा दादा. लांबच बसवू, राणीला मी पट्ट्यात ठेवते, त्याला जवळ यावंसं वाटलं तरच. कुणी आग्रह करणार नाही.

रानमळा_मिरज
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी हा सगळा धागा आबांना वाचून दाखवला. हळदपेठ दादांचं वाचल्यावर म्हणाले बघ, मी काय म्हणत होतो. मग बाही भाऊंचं वाचलं तेव्हा गप्प ऐकत होते, तालमीत होते ते तरुणपणी, वस्तादाचं वाचल्यावर परत वाच म्हणाले. शेवटी एवढंच बोलले, "सोड म्हटल्यावर खरंच सोडतंय का ते मी डोळ्यानं बघणार. एक नाही, सगळी कुत्री. मग ठरवू." आणि सकाळी बादलसाठी रानात पावलं टाकत होतो तर मागनं येऊन म्हणाले तिकडं नको, तिकडं परवा औषध मारलंय, इकडच्या पट्टीत घे.

बाही_बारदान
आबांना रविवारी सहाच्या आत आणा, ऊन चढायच्या आधी प्रोटेक्शन उरकतो. हेल्परच्या शेजारी खुर्ची टाकतो त्यांना, तिथनं तोंड आणि डोळे दोन्ही दिसतात. कुठल्याही कुत्र्यानं नाही सोडलं तर तेही समोरच दिसेल, लपवायचं काही नाही. बादलला सकाळचं जेवण देऊ नका, खाऊ खिशात ठेवा. रुंद साधा पट्टा, साखळी नको.

इस्लामपूर_एक्सप्रेस
रानमळा, गाडीत जागा आहे का? पेठ नाक्यावर उभा राहतो. सायकल क्लबवर आहे का मी आणू?

पाचट
सायकल आहे, पण मागचं चाक पंक्चर आहे. पंप घेऊन या.